निम्फ जोडणी

निम्फ जोडणी म्हणजे फ्लाय फिशिंग या गळाच्या मासेमारीत, बुडणारी कृत्रिम माशी नदीच्या तळाजवळून वाहती ठेवण्यासाठी मुख्य दोरीच्या टोकापुढे केली जाणारी रचना होय. या रचनेत लीडर नावाचा निमुळता धागा, त्याच्या पुढचा टिपेट हा बारीक धागा, वजन, मासा लागल्याचे दाखवणारा सूचक आणि एक ते तीन निम्फ यांचा समावेश होतो. जलकीटकांच्या पाण्यातील अपक्व अवस्थेचे अनुकरण करणाऱ्या कृत्रिम माशीला निम्फ म्हणतात. ट्राउट आणि ग्रेलिंग हे थंड पाण्यातील मासे पकडण्यासाठी युरोप, उत्तर अमेरिका व न्यूझीलंडमधील नद्यांवर ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

फ्लाय फिशिंगविषयीच्या लेखनात माशी कशी बांधावी याची चर्चा पुष्कळ आढळते. ती पाण्यात कोणत्या खोलीवर आणि कोणत्या वेगाने जाते याची त्या मानाने कमी. निम्फच्या बाबतीत मात्र यशापयश मुख्यतः या दोन गोष्टींवर ठरते. जोडणीचा विचार आवश्यक ठरतो तो याच कारणाने.

माशाचे अन्न आणि नदीचा प्रवाह

मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या कीटकांचे पंख असलेले प्रौढ रूप काही तासांचे, काही दिवसांचे किंवा फार तर काही आठवड्यांचे असते. त्याआधीचा सर्व काळ, म्हणजे जातीनुसार काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत, ते नदीच्या तळाशी गोट्यांखाली, वाळूत व पाणवनस्पतींत राहतात. मेफ्लाय व स्टोनफ्लाय यांच्या जीवनक्रमात कोशावस्था नसते. कॅडिसफ्लायमध्ये डिंभ आणि कोश अशा दोन्ही अवस्था असतात. अनेक जातींचे डिंभ वाळूचे कण किंवा काटक्या चिकटवून स्वतःभोवती नळीसारखे घर बांधतात. चिलटांसारख्या दिसणाऱ्या मिज या कीटकांचे डिंभही तळाशी विपुल असतात. साहजिकच ट्राउटचे बहुतांश खाणे पाण्याखाली चालते. पृष्ठभागावर येऊन माशी टिपणारा मासा नजरेत भरतो, पण वर्षभराच्या हिशेबात ती अपवादाची वेळ असते.

तळावरचे कीटक आपली जागा सोडून अधूनमधून प्रवाहाबरोबर वाहत जातात. बेटिस या मेफ्लाय प्रजातीत ही सवय विशेष दिसते, आणि तिचे प्रमाण अंधार पडल्यावर वाढते. वाहत येणारा कीटक प्रवाहाला फारसा विरोध करू शकत नाही. पाणी नेईल तसा तो जातो. मासा अशा प्रवाहाच्या कडेला, दगडाआड किंवा तळाच्या उतारावर कमी श्रमात स्थिर राहतो आणि समोरून येणारे अन्न टिपतो. प्रवाहापेक्षा वेगाने किंवा आडवी सरकणारी वस्तू त्याला अन्न वाटत नाही.

अडचण अशी की नदीचे पाणी सर्व खोलींवर एकाच वेगाने वाहत नाही. तळाच्या घर्षणामुळे गोट्यांलगतचे पाणी संथ असते आणि पृष्ठभागाजवळचे वेगवान. खळाळात हा फरक अधिक जाणवतो. दोरी पृष्ठभागावर आणि माशी तळाशी असेल, तर वरचे पाणी दोरीला पुढे नेते व दोरी माशीला ओढते. ओढली गेलेली माशी एकीकडे तळ सोडून वर उचलली जाते आणि दुसरीकडे तिची चाल अनैसर्गिक होते. निम्फच्या सर्व जोडण्या ही ओढ कमी करण्याच्या वेगवेगळ्या युक्त्या आहेत असे म्हटले तरी चालेल.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इंग्लंडमधील चुनखडीच्या प्रदेशातून वाहणाऱ्या टेस्ट व इचेन या नद्यांवर तरंगत्या, म्हणजे 'कोरड्या' माशीचा प्रभाव होता. फ्रेडरिक हॅलफर्ड (१८४४–१९१४) यांच्या १८८६ आणि १८८९ मधील ग्रंथांनी तिला शास्त्राचे रूप दिले. त्यांच्या काही अनुयायांनी पुढे तिला जवळजवळ आचारधर्माचे रूप दिले. पृष्ठभागावर खाणाऱ्या माशालाच, प्रवाहाच्या वरच्या दिशेने, तरंगती माशी टाकावी हा त्यांचा दंडक होता.

लंडनमधील वकील जी. ई. एम. स्क्यूज (१८५८–१९४९) यांनी या दंडकाला आव्हान दिले. विंचेस्टरजवळ इचेन नदीच्या ॲबट्स बार्टन या पट्ट्यात ते १८८३ पासून मासेमारी करत होते. पकडलेल्या माशांच्या पोटात काय सापडते हे ते पाहत, आणि त्यातून मासा पृष्ठभागावर हलताना दिसला तरी प्रत्यक्षात पृष्ठभागाखालचे निम्फ खात असतो, असे त्यांच्या लक्षात आले. 'मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम' (१९१०) आणि 'द वे ऑफ अ ट्राउट विथ अ फ्लाय' (१९२१) या पुस्तकांतून त्यांनी हे निरीक्षण मांडले. कोरड्या माशीच्या समर्थकांशी त्यांचा वाद दीर्घकाळ चालला. फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या विषयावर औपचारिक वादविवाद झाला. त्याच वर्षी, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, सहभागीदारांशी झालेल्या मतभेदानंतर स्क्यूज यांनी ॲबट्स बार्टन सोडले. पद्धत त्यांच्या नावाने टिकली, पण पंचावन्न वर्षांचा पट्टा त्यांच्या हातून गेला.

स्क्यूज यांचे निम्फ पृष्ठभागाच्या अगदी जवळ राहत. ते खोलवर नेण्याचे श्रेय विल्टशायरमधील एव्हन नदीचे नदीरक्षक फ्रँक सॉयर (१९०६–१९८०) यांना दिले जाते. पोहताना निम्फ पाय अंगालगत आवळून घेतो असे त्यांना दिसले होते. म्हणून पायांचा आभास देणारी पिसे त्यांनी वगळली आणि धाग्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरून फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू गळावर गुंडाळले. तारेने रंगाची छटा मिळाली आणि वजनही. 'फेझंट टेल' या नावाने हा नमुना आज जगभर वापरला जातो. सॉयर यांचे 'निम्फ्स अँड द ट्राउट' हे पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढचा मोठा बदल पोलंड व तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील स्पर्धकांनी घडवला. १९८० च्या दशकातील जागतिक स्पर्धांमध्ये त्यांनी काठीच्या टोकाखालीच, अत्यंत आखूड दोरीवर, जड निम्फ वाहते ठेवून पाहिले आणि उत्तम यश मिळवले. फ्रेंच व स्पॅनिश मासेमारांनी त्याच तत्त्वावर लांब, बारीक लीडर विकसित केले. या सर्व शैलींना आता एकत्रितपणे 'युरो निम्फिंग' म्हणतात. जागतिक स्पर्धांच्या नियमांत तरंगता सूचक व धाग्यावर वेगळे वजन लावण्यास मनाई असल्यामुळे वजन माशीतच घालणे आणि सूचकाचे काम रंगीत धाग्याकडून करून घेणे स्पर्धकांना भाग पडले. आजच्या तंत्राचा बराच भाग या निर्बंधातून आलेला आहे.

जोडणीचे घटक

सूचकासह केलेल्या जोडणीसाठी साधारणपणे ९ फूट, म्हणजे सुमारे २.७ मीटर लांबीची, ५ क्रमांकाच्या दोरीची काठी पुरेशी असते. युरो शैलीत १० ते ११ फुटांची, २ ते ४ क्रमांकाची, टोकाला लवचीक काठी वापरतात. लांबीमुळे दोरी पाण्यापासून उंच धरता येते. मुख्य दोरी दोन्ही ठिकाणी तरंगणारी असते. रिळाचे महत्त्व येथे दोरी साठवण्यापुरतेच असल्याने त्यावर जास्त खर्च करण्याचे कारण नाही.

लीडर मुळाशी जाड व टोकाला बारीक असतो. टिपेटची जाडी 'एक्स' या परिमाणात सांगतात. हे परिमाण रेशीमकिड्याच्या ग्रंथीपासून बनवलेल्या तातीच्या काळातील आहे: तात छिद्रांतून जितक्या वेळा ओढून बारीक केली जाई तितके एक्स. आजच्या कृत्रिम धाग्यांसाठी ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजारांशात मिळते. त्यानुसार ४ एक्स म्हणजे ०.००७ इंच किंवा सुमारे ०.१८ मिमी, ५ एक्स म्हणजे ०.१५ मिमी आणि ६ एक्स म्हणजे ०.१३ मिमी. गळाच्या क्रमांकाला तीनाने किंवा चाराने भागले असता योग्य टिपेटचा अंदाज येतो, जसे १६ क्रमांकाच्या गळासाठी ४ किंवा ५ एक्स. गळाचा क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो, हे नवख्यांनी लक्षात ठेवावे.

टिपेट बारीक ठेवण्याचे कारण पुष्कळदा 'माशाला दोरा दिसू नये' असे सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. पाण्याचा दाब धाग्याच्या रुंदीच्या प्रमाणात लागतो. त्यामुळे तितक्याच लांबीच्या ४ एक्सपेक्षा ६ एक्सवर तो सुमारे तीन दशांश कमी असतो. तेच वजन बारीक धाग्यावर लवकर बुडते आणि खाली अधिक काळ टिकते. म्हणून माशी तळापर्यंत पोहोचत नसेल तर वजन वाढवण्याइतकाच टिपेट बारीक करणे हाही उपाय ठरतो.

धागा नायलॉनचा किंवा फ्लुओरोकार्बनचा असतो. नायलॉनची घनता पाण्यापेक्षा थोडीच जास्त, सुमारे १.१४, आणि फ्लुओरोकार्बनची १.७८ आहे. फ्लुओरोकार्बनचा अपवर्तनांक पाण्याच्या अधिक जवळचा असल्याने तो पाण्यात कमी उठून दिसतो, आणि दगडावर घासून लवकर झिजत नाही. त्याच टिकाऊपणामुळे नदीकाठी टाकलेला तुकडा फार काळ तसाच राहतो व पक्ष्यांच्या पायांत अडकतो. कापलेले तुकडे खिशात घालून परत नेण्याची शिस्त म्हणून महत्त्वाची आहे.

वजन दोन प्रकारे देतात. एक म्हणजे माशीच्या डोक्याशी धातूचा मणी ओवणे. शुद्ध टंगस्टनची घनता १९.३, शिशाची ११.३ आणि पितळेची साडेआठच्या आसपास असल्याने टंगस्टनचा छोटा मणीही मोठ्या पितळी मण्याइतका जड असतो, आणि माशीचा आकार जाडजूड होत नाही. अशा माश्या बहुधा नेढ्याजवळ वाकवलेल्या 'जिग' गळावर बांधतात. त्यावर खाच असलेला मणी बसतो आणि गळाचे टोक वर राहते, त्यामुळे माशी तळाच्या दगडांत कमी अडकते. दुसरा प्रकार धाग्यावर चिमटवायच्या छऱ्यांचा आहे. ते माशीच्या १५ ते २० सेंमी वर लावतात.

सूचकासह जोडणी

नवख्यांसाठी ही जोडणी सर्वांत सोपी. ९ फुटांचा, ४ किंवा ५ एक्सपर्यंत निमुळता होणारा तयार लीडर मुख्य दोरीला फासाने जोडतात. त्याच्या टोकाला सर्जन्स गाठीने ५ एक्सचा ४५ ते ६० सेंमी टिपेट बांधतात आणि टिपेटच्या टोकाला पहिला निम्फ. सर्जन्स गाठीच्या वरच्या बाजूलाच छरा बसवला, तर गाठ त्याला खाली घसरू देत नाही.

दुसरा निम्फ लावायचा असल्यास पहिल्याच्या गळाच्या बाकाला ३० ते ४५ सेंमी लांबीचा, एक पायरी बारीक टिपेट क्लिंच गाठीने बांधून त्याच्या टोकाला तो जोडतात. खालचा धागा बारीक ठेवण्यामागे हिशेब आहे. तळात अडकतो तो बहुधा खालचाच निम्फ. ओढून काढताना धागा तिथेच तुटला तर वरचा निम्फ, छरा आणि सूचक वाचतात. वर जड व ठळक आणि खाली लहान व साधा निम्फ असा क्रम प्रचलित आहे.

शेवटी सूचक. तो लोकरीच्या पुंजक्याचा, फोमचा किंवा पोकळ प्लास्टिक गोळीचा असतो. लोकर हलकी व संवेदनशील असते, पण पाणी शोषते म्हणून तिला तेलकट लेप द्यावा लागतो. प्लास्टिक गोळी जड वजन पेलते, मात्र संथ पाण्यात तिच्या पडण्याच्या आवाजाने मासे बिथरतात. सूचक निम्फपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर लावावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. वरचे पाणी वेगवान असल्याने सूचक पुढे आणि निम्फ मागे राहतो, धागा तिरका होतो. तो सरळ उभा असता तर खोलीइतकीच लांबी पुरली असती. वेगवान पाण्यात हे अंतर दुपटीपर्यंत नेतात, संथ पाण्यात कमी करतात.

निमुळत्या लीडरचा जाड भाग पाण्यात बुडून ओढ निर्माण करतो, ही या जोडणीची उणीव आहे. ती टाळण्यासाठी 'काटकोनी' जोडणी करतात. हीत आखूड, जाड लीडर सूचकाशीच संपतो आणि तिथून एकाच जाडीचा बारीक टिपेट काटकोनात खाली सोडतात. निम्फ लवकर बुडतो आणि धागा बराच उभा राहतो. फेकताना गुंता होण्याची शक्यता मात्र वाढते, म्हणून काठी सावकाश व मोठ्या वळणाने फिरवावी लागते.

सूचकाच्या जागी मोठी, चांगली तरंगणारी कोरडी माशी लावून तिच्या बाकाला निम्फ टांगण्याची पद्धतही आहे. गुडघाभर पाण्यात आणि उन्हाळ्यात नाकतोडे काठावरून पाण्यात पडत असताना ती उपयुक्त ठरते, कारण मासा दोन्हींपैकी कोणतीही माशी घेऊ शकतो. वरची माशी फार वजन पेलू शकत नसल्याने खोल पाण्यासाठी ही जोडणी योग्य नाही.

ताणलेल्या धाग्याची जोडणी

युरो शैलीत मुख्य दोरी बहुतेक वेळा काठीच्या टोकाबाहेर येतच नाही. तिच्यापुढे सुमारे ३ मीटर एकसारखा नायलॉन धागा, मग अर्धा मीटर भडक रंगांचा धागा, त्याच्या टोकाला सुमारे २ मिमी व्यासाचे धातूचे कडे आणि कड्यापासून दीड ते दोन मीटर ५ किंवा ६ एक्सचा टिपेट अशी रचना असते. रंगीत धाग्याला 'सायटर' म्हणतात. तो पाण्याच्या किंचित वर राहतो व मासेमाराची नजर त्यावर असते. कड्याचा फायदा असा की टिपेट कितीही वेळा बदलला तरी सायटर आखूड होत नाही.

दोन निम्फ लावायचे असल्यास वरचा निम्फ बाजूला काढलेल्या १० ते १५ सेंमी फांदीवर बांधतात. टिपेट मध्ये कापून दोन तुकडे तिहेरी सर्जन्स गाठीने पुन्हा जोडले की दोन मोकळी टोके उरतात. त्यांपैकी वरच्या तुकड्याचे, खाली वळलेले टोक फांदी म्हणून ठेवावे व दुसरे कापावे. वरचा तुकडा अखंड असल्याने मासा लागल्यावर ताण थेट त्याच्यावर येतो. दोन निम्फांत सुमारे ५० सेंमी अंतर ठेवतात. जड निम्फ खाली असेल तर धागा काठीपासून तळापर्यंत सरळ राहतो आणि स्पर्श लगेच कळतो. चेक पद्धतीत तीन निम्फ असतात व सर्वांत जड मधला असतो.

माशी वरच्या दिशेने टाकल्यावर काठी उचलून सगळा जाड धागा पाण्याबाहेर ठेवतात. पाण्यात शिरतो तो केवळ बारीक टिपेट. पृष्ठभागाच्या वेगवान पाण्याला पकडायला दुसरे काही उरत नाही. काठीचे टोक निम्फच्या थोडे पुढे, तळाच्या प्रवाहाच्या वेगाने नेत राहावे लागते. ते घाईने नेले तर निम्फ ओढला जातो, आणि मागे राहिले तर धागा सैल पडून मासा लागल्याचे कळत नाही. या पद्धतीची मर्यादा अंतराची. साधारण दहा मीटरपलीकडे धागा आपल्याच वजनाने झोल खातो, आणि जोराच्या वाऱ्यात तर जवळच्या अंतरावरही सायटर फडफडतो. रुंद नदीत, दूरच्या काठाशी मासे असताना, सूचकाची जुनी जोडणीच अधिक कामाची. स्पर्धांमधील यशामुळे युरो शैलीकडे सर्वश्रेष्ठ म्हणून पाहण्याचा कल आहे. नदीच्या आकाराचा विचार केल्यास तो कल फारसा टिकत नाही.

तळाशी वजन असलेली जोडणी

या रचनेत छरे धाग्याच्या अगदी शेवटी, एका साध्या गाठीवर चिमटवलेले असतात आणि निम्फ त्यांच्या वर छोट्या फांद्यांवर असतात. वजन गोट्यांवर टकटकत जाते, निम्फ तळापासून थोडे वर तरंगत राहतात. अडकलेच तर ओढल्यावर छरे घसरून निघतात आणि माश्या वाचतात. काही ठिकाणच्या मासेमारी नियमांत माशीच्या खाली वजन लावण्यास परवानगी नसते.

गाठी

जोडणी तुटते ती बहुतेक वेळा गाठीपाशी. निम्फसाठी क्लिंच गाठ सर्वाधिक वापरली जाते. धागा नेढ्यातून ओवून स्वतःभोवती पाच वेळा गुंडाळायचा, टोक नेढ्यालगतच्या फटीतून काढायचे आणि हळूहळू आवळायचे. आवळण्यापूर्वी गाठ लाळेने किंवा पाण्याने ओली करणे आवश्यक आहे. कोरडी गाठ ओढताना घर्षणाच्या उष्णतेने धागा कमकुवत होतो आणि हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बांधल्यावर प्रत्येक गाठ हाताने ताणून पाहावी. दगडात अडकून सुटलेल्या माशीची गाठ आणि तिच्यावरचा हातभर धागा बोटांतून फिरवून तपासावा. खरखर लागली तर तेवढा भाग कापून टाकावा.

खोली व वजन जुळवणे

समजा पाणी १ मीटर खोल आहे, प्रवाह सेकंदाला ०.६ मीटर आहे आणि निम्फ सेकंदाला २५ सेंमी बुडतो. तळापर्यंत जाण्यास त्याला चार सेकंद लागतील आणि तेवढ्यात तो जवळपास अडीच मीटर खाली वाहून जाईल. मासा जिथे असण्याची शक्यता आहे तिथून किमान अडीच-तीन मीटर वर माशी पडली नाही, तर ती माशाच्या डोक्यावरून जाईल. नवखा मासेमार बहुधा माशी माशावरच टाकतो आणि मग माशी बदलत बसतो.

वजन बरोबर आहे की नाही हे सूचकाच्या चालीवरून कळते. तो आजूबाजूच्या फेसापेक्षा किंचित सावकाश जात असेल तर निम्फ तळाच्या संथ पाण्यात आहे. फेसाच्या बरोबरीने किंवा पुढे धावत असेल तर निम्फ अजून वरच आहे. चार-पाच वेळांत एकदा तरी तळाचा स्पर्श जाणवावा. कधीच जाणवला नाही तर एक छरा वाढवावा किंवा सूचक वर सरकवावा. दरवेळी अडकत असेल तर उलट करावे. माशीचा नमुना बदलणे हा उपाय या दोन्हींनंतरचा. एकाच ओघाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी खोली वेगळी असते, म्हणून दिवसभरात सूचक अनेकदा हलवावा लागतो. हा कंटाळा करणाऱ्याला निम्फची मासेमारी निष्फळ वाटणे स्वाभाविक आहे.

सूचक वाहत असताना मुख्य दोरीचा फुगा प्रवाहाच्या दिशेने वाकू लागला, की काठीच्या टोकाने दोरी उचलून वरच्या बाजूला टाकतात. ही हालचाल सूचक न हलवता, ओढ लागण्यापूर्वी करायची असते.

मासा लागणे

ट्राउट निम्फ तोंडात घेतो आणि ते अन्न नाही हे कळताच क्षणार्धात थुंकतो. सूचक दर वेळी बुडेलच असे नाही. तो थबकतो, थरथरतो, किंवा किंचित आडवा सरकतो. कारणाविना झालेला प्रत्येक बदल मासा समजून काठी उचलावी. त्यांपैकी बरेचसे दगड निघतात. मासा प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून असतो. म्हणून काठी सरळ वर न उचलता खालच्या दिशेने झुकवून ओढल्यास गळ तोंडाच्या कोपऱ्यात रुततो. वरच्या दिशेने ओढल्यास तो तोंडातून निसटण्याचा संभव असतो. ओढ आखूड व मनगटाची असावी. बारीक टिपेटवर जोराचा झटका दिल्यास धागा तुटतो आणि गळ माशाच्या जबड्यात राहतो.

नियम व पर्यावरण

शिशाचे छरे पाणपक्ष्यांना घातक ठरतात. अन्न दळण्यासाठी खडे गिळणारे हंस नदीतळावरचे छरेही गिळतात आणि शिशाच्या विषबाधेने मरतात. ब्रिटनमध्ये या कारणाने ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या शिशाच्या मासेमारी वजनांच्या विक्रीवर १९८७ पासून बंदी आहे. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही शिशाची साधने वापरता येत नाहीत. कथील व टंगस्टन हे त्याचे पर्याय आहेत. कथील शिशापेक्षा हलके असल्याने छरे थोडे मोठे घ्यावे लागतात.

मासा पकडून सोडण्याची प्रथा असलेल्या पाण्यांत उलट्या काट्याविना गळ वापरतात किंवा काटा पक्कडीने दाबून टाकतात. दोन-तीन माश्यांच्या जोडणीत एक गळ तोंडात असताना दुसरा माशाच्या अंगात किंवा डोळ्यात रुतण्याचा धोका असतो. काही नद्यांवर म्हणूनच एकाच माशीची परवानगी आहे. मासा ओल्या हाताने, शक्यतो पाण्यातच धरावा. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सियसच्या वर गेले की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि दमलेला ट्राउट सोडल्यानंतरही मरू शकतो. अमेरिकेतील मोंटाना राज्यात उन्हाळ्यात पाणी फार तापलेल्या नद्यांवर दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचे आदेश काढले जातात. विणीच्या काळात ट्राउट खडीत अंडी पुरतो. तळाचा स्वच्छ, उजळ दिसणारा चट्टा ही त्याची खूण असते. तिथे पाय ठेवल्यास अंडी चिरडतात.

बुटांच्या ओल्या नमद्याच्या तळव्यांतून सूक्ष्म शैवाल एका नदीतून दुसरीत जाते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील लोअर वायाउ नदीत २००४ मध्ये डिडिमो हे शैवाल आढळले आणि पुढे ते बेटावरील इतर नद्यांत पसरले. ते तळाचे गोटे जाड थराने झाकून टाकते, त्यामुळे निम्फ ज्यांचे अनुकरण करतो त्या कीटकांचे अधिवासच बदलतात. त्या देशात साधने तपासणे, धुणे व वाळवणे यांचा आग्रह धरला जातो.

इंग्लंडमधील टेस्ट व इचेनच्या काही पट्ट्यांत आजही केवळ कोरडी माशी चालते, किंवा निम्फला हंगामाच्या उत्तरार्धातच परवानगी मिळते.

भारतात

ट्राउट हा भारताचा मूळ रहिवासी नाही. तपकिरी ट्राउट १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून काश्मीरमध्ये रुजला, आणि त्यानंतर काही वर्षांत बियास नदीच्या खोऱ्यात सोडला गेला. काश्मीरमधील लिद्दर व सिंध आणि हिमाचल प्रदेशातील तीर्थन या नद्या आज त्यासाठी ओळखल्या जातात. निलगिरीच्या उंच पठारावरील ओढ्यांत इंद्रधनुषी ट्राउट आढळतो. हिमालयातील बर्फाचे पाणी उन्हाळ्यात गढूळ व वेगवान असते, त्यामुळे तेथे जड मणी असलेला निम्फ व आखूड धागा अधिक उपयोगी ठरतो. मासेमारीसाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना लागतो.

महाराष्ट्रातील नद्या ट्राउटसाठी उबदार आहेत. सह्याद्रीच्या ओढ्यांत मेफ्लाय व कॅडिसफ्लायचे डिंभ असतात. पण येथील गळाच्या मासेमारांचे आकर्षण महाशीर हा मासा राहिला आहे. दख्खनी महाशीर या जातीचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून केले. हा मासा कीटकांबरोबर फळे, शैवाल, शिंपले आणि लहान मासेही खातो. त्याच्या घशातील दात आणि पहिल्या धावेचा जोर लक्षात घेता ५ एक्सचा टिपेट त्याच्यापुढे टिकत नाही. त्याच्यासाठी फ्लाय फिशिंग केल्यास ८ क्रमांकाच्या पुढची काठी, जाड धागा आणि मजबूत गळ वापरतात. ट्राउटच्या निम्फ जोडणीतून तेथे उरते ते तळाजवळून, ओढ न लागता, माशी वाहू देण्याचे तंत्र.